पुरळ, खाज आणि घरगुती उपायांची पार्श्वभूमी

अंगावर पुरळ उठलं की पहिला उपाय घरातच शोधला जातो. कोरफडीचा गर, कडुनिंबाचा पाला, ओटचं पीठ, गार पाण्याची घडी. हे उपाय पिढ्यान्‌पिढ्या टिकले, कारण पुष्कळसं पुरळ काही दिवसांत आपोआप ओसरतं आणि तोवर खाज सुसह्य करणारी वस्तू गुणकारी ठरते. पण खाज शमवणं वेगळं आणि पुरळाचं कारण घालवणं वेगळं. माझ्या मते या उपायांचा इतिहास समजून घ्यायचा तर हा फरक आधी ध्यानात घ्यायला हवा.

जुन्या वैद्यांना तो ठाऊक होता. चरकसंहितेच्या सूत्रस्थान या पहिल्या भागात दहा-दहा औषधींचे पन्नास गट दिले आहेत. त्यांत खाज कमी करणारा ‘कंडूघ्न’ गट निराळा आणि त्वचारोगांवरचा ‘कुष्ठघ्न’ निराळा. चंदन, कडुनिंब, मोहरी, ज्येष्ठमध, दारुहळद पहिल्यात. खैर, आवळा, हळद, वावडिंग दुसऱ्यात. (कुष्ठ म्हणजे तेव्हा फक्त महारोग नव्हे, तर एकूण त्वचाविकार.) इजिप्तमध्येही इ.स.पू. १५५० च्या सुमाराच्या एबर्स पपायरस या वैद्यकीय हस्तलिखितात त्वचेवरचे लेप सापडतात.

अडचण रोग ओळखण्याची होती. लंडनचे डॉक्टर रॉबर्ट विलन यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस पुटकुळी, पाण्याचा फोड, पू धरलेला फोड, खवले, डाग अशा दिसण्यावरून त्वचारोगांची वर्गवारी मांडली. त्यापूर्वी एकाच पुरळाला दहा डॉक्टर दहा नावं देत.

खरजेची कथा तर मुळापासून वाचावी अशी आहे. १६८७ मध्ये इटलीत जोव्हानी कोझिमो बोनोमो आणि दिआचिंतो चेस्तोनी यांनी खरजेचा किडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्याचं वर्णन केलं. गरीब बायका खरूज झालेल्या मुलांच्या अंगातून टाचणीने काहीतरी बारीक टोकरून काढतात, हे बोनोमोंच्या कानी आलं होतं आणि शोध तिथूनच सुरू झाला. पण खरूज रक्त बिघडल्याने होते, या समजुतीपुढे त्यांचं म्हणणं मागे पडलं. १८१२ मध्ये पॅरिसमध्ये गालेस नावाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने किडा दाखवल्याचा दावा केला आणि त्याचं चित्रही दिलं. पुढे रास्पाय या फ्रेंच शास्त्रज्ञाने दाखवून दिलं की त्या चित्रातला किडा चीजमध्ये होणारा आहे. किडा असतो की नसतो, यावर डॉक्टर वाद घालत राहिले. अखेर १८३४ मध्ये कॉर्सिका बेटावरून आलेल्या रेनुच्ची नावाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात सर्वांसमोर सुईच्या टोकावर किडा काढून दाखवला. ही हातोटी त्याने आपल्याकडच्या खेड्यातल्या बायकांकडे पाहिली होती. डॉक्टर किडा फोडात शोधत होते. तो असतो त्वचेत पोखरलेल्या बारीक वाकड्या बिळाच्या टोकाला. त्या बायकांना हे नेमकं माहीत होतं, आणि त्यांचं नाव मात्र कुठेच नोंदलेलं नाही, याचं मला वाईट वाटतं. खरजेवर गंधक लावण्याची रीत त्याहूनही जुनी. गंधकाच्या मलमाने किडा खरोखर मरतो, हे कारण मागाहून कळलं.

इतर उपायांची परीक्षा अशीच उशिरा झाली. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या तेलविहिरींवरचे कामगार यंत्राच्या दांड्यांवर साचणारं मेण जखमांना आणि भाजल्यावर लावत. ते शुद्ध करून रॉबर्ट चेझब्रो यांनी १८७२ मध्ये व्हॅसलीनचं पेटंट घेतलं. ते रोग बरा करत नाही, त्वचेतलं पाणी उडू देत नाही. कोरड्या इसबाला तेवढ्यानेही मोठा आराम पडतो. ओटमध्ये दाह कमी करणारी द्रव्यं सापडली, आणि २००३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ओटच्या अतिबारीक पिठाला त्वचारक्षक म्हणून मान्यता दिली.

लिंबू आणि खाण्याचा सोडा मात्र या परीक्षेत उतरत नाहीत. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग सौम्य आम्लधर्मी असतो, हे १९२८ मध्ये शाडे आणि मार्किओनिनी या जर्मन संशोधकांनी मांडलं. सोडा अल्कधर्मी असल्याने ते आवरण बिघडवतो. लिंबाचा रस अतिआम्ल, शिवाय तो लागलेल्या जागी ऊन पडलं तर फोड येऊन काळे डाग मागे राहू शकतात.

१९५२ मध्ये सुल्झबर्गर आणि विटन या अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञांनी हायड्रोकॉर्टिझोन या स्टेरॉइडचं मलम त्वचेवर वापरून दाखवलं आणि चित्र पालटलं. खाज इतक्या लवकर शमवणारं काही तोवर हाती नव्हतं. त्यानंतर स्टेरॉइडची ट्यूब अनेक घरांत कपाटातलं औषध होऊन बसली, आणि खाज शमली म्हणजे रोग गेला असं समजण्याचा जुनाच घोटाळा जास्त धोकादायक झाला. गजकर्ण बुरशीमुळे होतं. त्यावर ती लावली की लाली आणि खाज उतरते, पण बुरशी आतल्या आत पसरते आणि चट्ट्याची ओळखीची गोल कड पुसली जाते. १९६८ मध्ये ब्रिटिश डॉक्टरांनी या वेषांतर केलेल्या गजकर्णाला वेगळं नावच दिलं. अशा वेळी नुसत्या नजरेवर भिस्त न ठेवता चट्ट्याच्या कडेची त्वचा हलकेच खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे शोधावे लागतात.