खोडदची जाळी आणि ताऱ्यांची घड्याळं

एप्रिल २०२१. देश करोनाच्या दुसऱ्या लाटेत होरपळत होता, त्यामुळे ही बातमी वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर येण्याची शक्यताच नव्हती. १६ आणि १७ एप्रिलच्या दरम्यान, आपल्यापासून जवळपास चार हजार प्रकाशवर्षं दूर असलेल्या एका ताऱ्याच्या ठोक्याचा आकार अचानक बदलला. या ताऱ्याचं नाव जे१७१३+०७४७. तो सेकंदाला सुमारे २१९ गिरक्या घेतो आणि प्रत्येक गिरकीला रेडिओलहरींचा एक ठोका आपल्याकडे पाठवतो. गिरकीचा वेग तोच राहिला, ठोका मात्र वेगळा येऊ लागला. चीन आणि कॅनडातल्या दुर्बिणींनी हे टिपलं. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला असलेल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या नोंदींतही ते स्वच्छ उमटलं.

एका ताऱ्याचा ठोका बदलल्याने कुणाचं काय अडावं? पण हा तारा म्हणजे खगोलशास्त्रज्ञांच्या सर्वांत भरवशाच्या घड्याळांपैकी एक. त्याच्या वेळेवर विसंबून अनेक वर्षांची मोजमापं उभी होती, आणि त्यांतून शोधायचं होतं ते साधंसुधं नव्हतं. सगळं विश्व हलक्याने हेलकावतंय का, हे पाहायचं होतं.

आधी या घड्याळांविषयी. सूर्याहून बराच मोठा तारा आयुष्याच्या शेवटी कोसळतो, तेव्हा कधीकधी त्याचा गाभा मागे उरतो. वस्तुमान सूर्याहून जास्त, आकार मात्र वीस-पंचवीस किलोमीटर, म्हणजे पुणे शहरात मावेल एवढा. हा न्यूट्रॉन तारा. त्याच्या चुंबकीय ध्रुवांतून रेडिओलहरींचे झोत निघतात. तारा फिरतो तसे झोतही फिरतात, आणि आपण त्यांच्या वाटेत असलो तर जयगडच्या दीपगृहाचा झोत होडीवरून फिरावा तसा तो दर गिरकीला आपल्यावरून जातो. अशा ताऱ्याला स्पंदक म्हणतात. पहिला स्पंदक १९६७ मध्ये जोसलिन बेल या विद्यार्थिनीला सापडला. तो सव्वा सेकंदाहून थोड्या जास्त वेळात एक फेरी मारत होता.

१९८२ मध्ये मात्र सगळ्यांना थक्क करणारा स्पंदक सापडला. सेकंदाला ६४२ गिरक्या! या ताऱ्याच्या विषुववृत्तावरची जागा प्रकाशाच्या वेगाच्या साधारण सातव्या हिश्शाने पळते. तो शोधणाऱ्या पाच जणांच्या गटात बर्कलीला पीएच.डी. करणारा एक तरुण होता, श्रीनिवास कुलकर्णी. जन्म कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडचा, बालपण हुबळीचं. पुढे ते खगोलशास्त्रातलं फार मोठं नाव झाले, २०२४ चा शॉ पुरस्कार त्यांना मिळाला. कृष्णेकाठच्या एका गावात जन्मलेल्या माणसाचा हात या घड्याळांच्या शोधात आहे, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

या अतिवेगवान स्पंदकांना मिलिसेकंद स्पंदक म्हणतात. त्यांचा नेम इतका पक्का असतो की पुढच्या महिन्यात अमुक तारखेला ठोका किती वाजता येईल, हे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाइतक्या अचूकतेने आधीच सांगता येतं. काहींच्या बाबतीत त्याहूनही अचूक. मग एखाद्या दिवशी ठोका किंचित लवकर किंवा उशिरा आला, तर वाटेत काहीतरी घडलं असलं पाहिजे. काय घडू शकतं? एक शक्यता अशी की वाटच लांबली किंवा आखडली.

गुरुत्वीय लहर नेमकं हेच करते. दोन जड वस्तू एकमेकींभोवती फिरतात तेव्हा अवकाशातच तरंग उठतात, हे आइन्स्टाइनच्या सिद्धांतातून निघतं. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या लायगो यंत्रांनी असे तरंग पहिल्यांदा थेट पकडले. सूर्याच्या तीसेक पट वजनाची दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली होती आणि त्यांचा संदेश आला तो जेमतेम पाव सेकंदाचा. तसंच यंत्र आता हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथला उभं राहणार आहे. पण चार किलोमीटर लांबीच्या बाहूंनी झटपट येऊन जाणाऱ्या लहरी कळतात, संथ लहरी कळत नाहीत. दोन दीर्घिका एकमेकींत मिसळतात तेव्हा त्यांच्या केंद्रांतली अवाढव्य कृष्णविवरं, सूर्याच्या कोट्यवधी ते अब्जावधी पट वजनाची, एकमेकांभोवती घुटमळू लागतात. त्यांच्या एका फेरीला वर्षंच्या वर्षं लागतात. जी लहर पुरी व्हायला दहा वर्षं घेते, तिची लांबी दहा प्रकाशवर्षं. ती मोजायला पृथ्वीवर यंत्र बांधणं अशक्य आहे. म्हणून आकाशगंगेत विखुरलेले स्पंदकच यंत्र म्हणून वापरायचे, ही कल्पना १९७०च्या दशकाच्या अखेरीस पुढे आली.

कल्पना सुंदर, पण काम जिकिरीचं. अशा लहरींमुळे ठोक्याच्या वेळेत अनेक वर्षांत मिळून जो फरक पडतो, तो काही शे नॅनोसेकंदांचा. एका नॅनोसेकंदात प्रकाश जेमतेम एक फूट जातो. हजारो प्रकाशवर्षांच्या वाटेत शंभर-दोनशे फुटांचा फरक शोधायचा, आणि तोही इतर हजार कारणांनी पडणाऱ्या फरकांमधून वेगळा काढायचा.

इथे खोडद कामी येतं.

जीएमआरटीच्या तबकड्या जवळून पाहिल्या तर मोठ्या दुर्बिणीची आपली कल्पना मोडून पडते. ४५ मीटर व्यासाच्या अशा तीस तबकड्या आहेत. चौदा मध्यभागी एकवटलेल्या आणि सोळा इंग्रजी वाय अक्षराच्या तीन फांद्यांवर, पंचवीस किलोमीटरच्या टापूत, उसाच्या आणि टोमॅटोच्या शेतांमध्ये पसरलेल्या. भरीव पत्रा कुठेच नाही. अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या स्टीलच्या तारेची जाळी, आणि ती ताणून धरणारे दोर. तबकडीतून पलीकडचं आकाश दिसतं. गोविंद स्वरूप यांची ही रचना. रेडिओलहरींची लांबी वीस सेंटिमीटरपासून काही मीटरपर्यंत असेल, तर एक-दोन सेंटिमीटरच्या भोकांतून त्या निसटत नाहीत. वारा मात्र आरपार जातो, त्यामुळे सांगाडा हलका ठेवता आला आणि खर्च कमी झाला. तुटपुंज्या पैशांत जगातली अव्वल दुर्बीण बांधायची, म्हणून नेमकं काय लागतं आणि काय लागत नाही याचा इतका स्वच्छ विचार कुणीतरी केला. माझ्या मते विसाव्या शतकातल्या भारतीय विज्ञानातल्या सर्वांत देखण्या कल्पनांपैकी ही एक आहे. स्वरूप २०२० मध्ये गेले.

ही जाळी कमी वारंवारतेच्या लहरींसाठी बांधलेली आहे, आणि स्पंदकांच्या कामात तेच सोनं ठरलं. ताऱ्यांमधली जागा रिकामी नसते, तिथे विरळ इलेक्ट्रॉन असतात. त्यांच्यामुळे रेडिओलहरी किंचित रेंगाळतात, आणि वारंवारता जितकी कमी तितकी जास्त. हा उशीर वारंवारतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो, म्हणजे वारंवारता निम्मी केली की उशीर चौपट. समजा, स्पंदक आणि आपल्यामधले इलेक्ट्रॉन थोडे वाढले आणि १४०० मेगाहर्ट्झवर ठोका २०० नॅनोसेकंद उशिरा आला. नुसतं तेवढंच पाहणारा माणूस म्हणेल, सापडली गुरुत्वीय लहर! पण ४०० मेगाहर्ट्झवर तोच उशीर बारापट, सुमारे अडीच मायक्रोसेकंद होतो. तिथे तो लपत नाही. वीज चमकल्यावर गडगडाट किती वेळाने ऐकू आला, त्यावरून ती किती लांब पडली याचा अंदाज गावाकडे बांधतात. तसं दोन वारंवारतांच्या ठोक्यांमधल्या अंतरावरून वाटेत किती इलेक्ट्रॉन होते ते कळतं, आणि तेवढा उशीर वजा करता येतो. गुरुत्वीय लहरीचा परिणाम मात्र सगळ्या वारंवारतांवर सारखाच असतो.

पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातले भाल चंद्र जोशी आणि त्यांचे सहकारी कित्येक वर्षं हाच विचार धरून आहेत. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, देशातल्या इतर संस्था आणि जपानमधले शास्त्रज्ञ मिळून त्यांचा भारतीय गट बनला आहे. तीस तबकड्यांची विभागणी करायची, काहींनी ३०० ते ५०० मेगाहर्ट्झचा पट्टा ऐकायचा, काहींनी १२६० ते १४६०चा, दोन्ही एकाच वेळी. दर पंधरवड्याला तेच स्पंदक, तीच मोजणी. २०१८ पासूनच्या साडेतीन वर्षांच्या निरीक्षणांचा, चौदा स्पंदकांचा पहिला संच त्यांनी २०२२ मध्ये सगळ्यांसाठी खुला केला. जे१७१३चा ठोका बदलला तेव्हाही या दोन पट्ट्यांमुळेच सांगता आलं की हा वाटेतल्या इलेक्ट्रॉनांचा खेळ नसून ठोक्याचा आकारच पालटला आहे.

२९ जून २०२३ रोजी एकाच वेळी चार गटांनी निष्कर्ष जाहीर केले: उत्तर अमेरिकेचा, ऑस्ट्रेलियाचा, चीनचा, आणि युरोपीय व भारतीय शास्त्रज्ञांचा एकत्र. युरोपातल्या पाच मोठ्या दुर्बिणींच्या सोबतीला आपली खोडदची. त्यांनी २५ स्पंदकांच्या जवळपास २५ वर्षांच्या नोंदी तपासल्या होत्या.

त्यांना काय दिसलं, हे कळायला एक प्रश्न विचारावा लागतो. सगळ्या स्पंदकांच्या ठोक्यांत संथ चढउतार दिसले, तर दोष कुणाचा? पृथ्वीवरच्या घड्याळाचा असेल, तर सगळे स्पंदक एकदमच लवकर किंवा एकदमच उशिरा येतील. गुरू ग्रहाचं वस्तुमान किंवा जागा मोजताना चूक झाली असेल, तर सूर्यमालेचं गुरुत्वमध्य चुकेल, आणि मग आकाशाच्या एका बाजूचे स्पंदक लवकर तर समोरच्या बाजूचे उशिरा येतील. गुरुत्वीय लहर यांतलं काहीच करत नाही. धोतराचं कापड दोन टोकांना धरून तिरपं ओढलं की ते एका दिशेला ताणतं आणि आडव्या दिशेला आखडतं. ही लहर अवकाशाचं तेच करते. त्यामुळे आकाशात जवळजवळ असलेल्या दोन स्पंदकांच्या वेळा एकत्र हलतात, काटकोनाच्या आसपास असलेल्यांच्या उलट हलतात, आणि अगदी समोरासमोर असलेल्यांच्या पुन्हा थोड्या जुळतात. रोनाल्ड हेलिंग्ज आणि जॉर्ज डाउन्स यांनी १९८३ मध्येच याचा वक्र काढून ठेवला होता. चाळीस वर्षांनी तोच वक्र चारही गटांच्या नोंदींत दिसू लागला.

दिसू लागला, असंच म्हणायला हवं. भौतिकशास्त्रात शोध लागला असं म्हणायला हा निव्वळ योगायोग असण्याची शक्यता पस्तीस लाखांत एक इतकी कमी असावी लागते. २०२३ मधले निष्कर्ष त्या रेषेच्या अलीकडे आहेत. शास्त्रज्ञांनी जाहीर करताना 'पुरावा' हा शब्द वापरला आणि 'शोध' हा शब्द राखून ठेवला. बातम्यांमध्ये हा फरक पुसला गेला, याचं मला वाईट वाटलं. तो संयम हाच या कामातला सर्वांत मोलाचा भाग आहे.

युरोपीय-भारतीय निष्कर्षांतली आणखी एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. पूर्ण पंचवीस वर्षांच्या नोंदींपेक्षा अलीकडच्या दहा वर्षांच्या नोंदींतच खूण अधिक ठळक दिसली. जास्त वर्षं म्हणजे जास्त पुरावा, असं आपल्याला वाटेल. पण जुनी यंत्रं अरुंद पट्ट्यात ऐकायची, त्यामुळे वाटेतल्या इलेक्ट्रॉनांचा उशीर नीट वजा करता येत नव्हता, हे त्यामागचं एक संभाव्य कारण मानलं जातं. खोडदसारखी कमी वारंवारतेची निरीक्षणं का हवीत, ते इथे कळतं.

या लहरी कुणाच्या, हेही अजून पक्कं ठरलेलं नाही. महाकाय कृष्णविवरांच्या असंख्य जोड्यांचा मिळून उठलेला कल्लोळ, हे सर्वांत साधं स्पष्टीकरण. विश्वाच्या अगदी पहिल्या क्षणांतही अशा लहरी उठलेल्या असू शकतात. निरनिराळ्या गटांच्या नोंदी एकत्र करण्याचं काम चालू आहे. जितके जास्त स्पंदक, तितक्या जास्त जोड्या, आणि तितका तो वक्र स्पष्ट. दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियात उभ्या राहणाऱ्या स्क्वेअर किलोमीटर ॲरे या नव्या दुर्बिणीत भारतही सहभागी आहे, तिच्याकडून यात मोठी भर पडेल.

तोवर खोडदला शांतता हवी. आवाजाची नाही, रेडिओची. मोबाइल, विजेच्या तारांवरच्या ठिणग्या, गाड्यांची इंजिनं, सगळं ताऱ्यांच्या ठोक्यांपेक्षा कैक पटींनी मोठ्याने बोलतं. पुणे-नाशिक वेगवान रेल्वेचा आधीचा मार्ग या परिसरातून जात होता. दुर्बिणीच्या कारणाने तो बदलायचं ठरलं तेव्हा जुन्नर-आंबेगाव भागात मोठी नाराजी उसळली. ती मला रास्त वाटते. नारायणगावचा टोमॅटो मुंबईला जातो, तिथल्या शेतकऱ्याला रेल्वे हवी असणारच, आणि विज्ञानाची किंमत एकट्या त्यानेच का मोजावी? सरकारने या पट्ट्याला रेल्वेच्या बदल्यात दुसरं काही ठोस द्यायला हवं. पण जाळी हलवता येत नाही. आणि मोजणीत खंड पडला तर जी लहर दहा वर्षांनी पुरी होते, तिच्या मधल्या वर्षांच्या नोंदी मागाहून घेता येत नाहीत.

विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीला, खोडदचं आवार लोकांसाठी खुलं असतं. आजूबाजूच्या शाळांतली मुलं प्रकल्प मांडतात. मी गेलो होतो तेव्हा सातवी-आठवीतली एक मुलगी तबकडीच्या जाळीखाली मान वर करून उभी होती. तिने मार्गदर्शकाला विचारलं, "पाऊस पडला की ह्यातनं पाणी गळतं का?" गळतं, असं ते म्हणाले, आणि ताऱ्याच्या लहरी का गळत नाहीत ते त्यांनी तिला बराच वेळ, हातवारे करून समजावून सांगितलं.

जे१७१३चा ठोका पुढच्या महिन्यांत हळूहळू जुन्या आकाराकडे सरकत गेला, पण पूर्वीसारखा तंतोतंत झालेला नाही. घड्याळाला नेमकं काय झालं, हे कोडं सुटलेलं नाही. दर पंधरवड्याच्या यादीत त्याचं नाव तसंच आहे.