नव्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या अर्जात ग्रंथालयाची जागा कशी दाखवायची?

वैद्यकीय महाविद्यालयाची फाइल तयार होताना ग्रंथालयाचं पान बहुतेक शेवटी भरलं जातं. खाटा, ओपीडी, प्राध्यापक यांची जुळवाजुळव झाली की कुणीतरी विचारतं, ‘लायब्ररी कुठं दाखवायची?’ तोवर इमारत उभी असते. मग जो मजला उरला असेल तिथं कपाटं चढवली जातात, आणि पुढच्या निम्म्या अडचणी त्या मजल्यावरच जन्माला येतात.

अर्ज राज्य शासन, विद्यापीठ, नोंदणीकृत संस्था, सार्वजनिक विश्वस्त संस्था किंवा कंपनी यांपैकी कुणालाही करता येतो. महाराष्ट्रात दोन कागद आधी मिळवावे लागतात: राज्याच्या वैद्यकीय शिक्षण विभागाचं आवश्यकता प्रमाणपत्र आणि नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची संलग्नतेची संमती. ठिकाण विद्यापीठाच्या बृहत् आराखड्यात, म्हणजे नवी महाविद्यालयं कुठं हवीत ते ठरवणाऱ्या आराखड्यात, बसतं का, हे जागेचा सौदा करण्याआधीच पाहा. त्यानंतर राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाच्या मूल्यांकन व मानांकन मंडळाकडे ऑनलाइन अर्ज जातो. मुदत आणि शुल्क त्या वर्षीच्या सूचनेत असतं. गेल्या वर्षीच्या तारखा गृहीत धरू नका.

आता ग्रंथालय. सल्लागारांच्या संगणकात अजून जुन्या मेडिकल कौन्सिलची १९९९ची नियमावली पडून असते. तिच्यात वर्षाला १५० विद्यार्थी घेणाऱ्या महाविद्यालयाला २,४०० चौरस मीटरचं वातानुकूलित ग्रंथालय आणि ३०० आसनं होती, निम्मी आत, निम्मी बाहेर. कौन्सिल जाऊन आयोग आला २०२० मध्ये, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये नवी किमान मानकं आली. नकाशाचा आधार तीच मानकं आणि त्यानंतरच्या सुधारणा. तुम्ही मागताय त्या प्रवेशसंख्येच्या रकान्यातले आकडे घ्या.

तरी जुन्या नियमातली आत-बाहेरची कल्पना मी आजही सोडणार नाही. आतल्या दालनात ग्रंथालयाची पुस्तकं, बाहेरच्या अभ्यासिकेत मुलांची स्वतःची. अभ्यासिकेला वेगळं दार आणि वेगळं स्वच्छतागृह दिलं तर परीक्षेच्या दिवसांत ती रात्रभर उघडी ठेवता येते, ग्रंथकपाटांना कुलूप लावून. दोन्हींना एकच दार असेल तर रात्री नऊला सगळ्यांना बाहेर काढावं लागतं.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे वजन. इमारतींवरच्या भाराचं भारतीय मानक आहे आयएस ८७५. त्याच्या दुसऱ्या भागानुसार वर्गखोलीची फरशी चौरस मीटरला ३ किलोन्यूटन भार धरून करतात. पुस्तकांच्या दालनाला तोच भार ६ धरावा लागतो, म्हणजे चौरस मीटरला साधारण ६०० किलो, आणि तोही कपाटं २.२ मीटर उंचीपर्यंत असतील तर. त्यावरच्या प्रत्येक मीटरला आणखी २. मी काम केलेल्या एका महाविद्यालयात वर्गखोल्यांसाठी बांधलेला तिसरा मजला ग्रंथालयाला दिला होता. इंजिनिअरने सही करायला नकार दिला. मग कपाटं भिंतीकडेनं एकेरी लावली, मधला हॉल मोकळा राहिला आणि पुस्तकांची खोकी वर्षभर जिन्याखाली. तळमजला मागून घ्या, भांडून घ्या.

ग्रंथालयापुरते कागद हे ठेवा: मंजूर नकाशा, त्यात ग्रंथालयाचं चटईक्षेत्र रंगवून, भोगवटा प्रमाणपत्र, भाराबद्दल स्ट्रक्चरल इंजिनिअरचं प्रमाणपत्र, अग्निशमन विभागाचं ना हरकत प्रमाणपत्र, दाखल नोंदवही (आलेल्या प्रत्येक पुस्तकाला क्रमांक देणारी) आणि पुस्तकांची बिलं, नियतकालिकांच्या वर्गणीच्या पावत्या, ग्रंथपालाची पदवी आणि नेमणूक पत्र. आग विझवण्याची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं ‘ब’ नमुन्यातलं प्रमाणपत्र महाराष्ट्रात दर जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं, ते कालबाह्य नको. नोंदवहीतला शेवटचा दाखल क्रमांक आणि अर्जातला पुस्तकांचा आकडा जुळला पाहिजे. एकाच दिवशी एकाच शाईनं हजारो नोंदी केलेल्या असल्या की तपासणाऱ्याला ते पहिल्याच पानावर कळतं. दिव्यांगांसाठी उतार आणि चाकाची खुर्ची जाईल असं दार नकाशातच दाखवा. २०१६च्या कायद्यानं ते बंधनकारक आहे.

नियतकालिकांच्या मांडणीला किती जागा द्यायची, ते मालकीवर ठरवा. शासकीय महाविद्यालयाला जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या केंद्र सरकारच्या योजनेतून सुमारे १३,००० ई-नियतकालिकं मिळू शकतात, त्यामुळे तिथं मांडणीपेक्षा संगणक आणि प्लगपॉइंट जास्त लागतात. खाजगी संस्थेला हा लाभ नाही. वर्गणी स्वतःच भरायची आहे.

मंडळाला सहा महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. नाकारण्याआधी त्रुटी दूर करायची संधी मिळते. नकार आला किंवा सहा महिने उलटले, तर पंधरा दिवसांत आयोगाकडे अपील करता येतं. खोट्या माहितीला २०२३च्या विनियमांत एक कोटी रुपयांपर्यंत दंड आहे, म्हणून उसनी पुस्तकं मांडायचा मोह टाळा.

तपासणी प्रत्यक्ष येऊन होईलच असं नाही. कागदपत्रं, फोटो, थेट व्हिडिओ यांवरूनही होते. तेव्हा फोटो काढण्याआधी खुर्च्यांवरचं प्लास्टिक फाडा, आणि भिंतीवरच्या घड्याळात सेल घाला.