मतदान वाढलं म्हणजे वारं फिरलं? कल्याण-डोंबिवलीचा हिशोब

दर इलेक्शनला संध्याकाळी टक्केवारी आली की आमच्याकडे सोसायटीच्या ग्रुपवर लगेच अंदाज सुरू होतात. मतदान वाढलंय म्हणजे लोक चिडलेत, सत्ताधारी गेले. किंवा मतदान कमी झालंय म्हणजे यांचा मतदार घरीच बसला. मला हे दरवेळी खटकतं, कारण यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. मतदानाची टक्केवारी म्हणजे यादीतल्या किती लोकांनी मत टाकलं आणि मतांची टक्केवारी म्हणजे जी मतं पडली त्यातली कुणाला किती गेली. पहिलीवरून शहर किती बाहेर पडलं ते कळतं, शहराचा कल कुठे आहे ते कळायला दुसरी लागते, आणि तीसुद्धा फक्त आलेल्यांचाच कल सांगते.

कल्याण लोकसभेचंच बघा. २००९ ला इथे जेमतेम ३४ टक्के मतदान झालं होतं, २०१४ ला ४३ च्या आसपास, २०१९ ला ४५ आणि २०२४ ला ५०. म्हणजे दरवेळी वाढतच गेलं. निकाल? चारही वेळा धनुष्यबाण. आधी आनंद परांजपे, मग तीनदा श्रीकांत शिंदे. (कल्याण स्टेशनच्या पश्चिमेला राहणारे या लोकसभेत येतच नाहीत, ते भिवंडीत जातात, त्यामुळे 'कल्याणचा कल' म्हणताना अर्धं कल्याण आधीच बाहेर असतं.)

आता खरी गंमत पुढे आहे. २०१९ ला शिंदेंना पडलेल्या मतांपैकी साधारण ६३ टक्के मतं मिळाली होती, २०२४ ला साडेछप्पन. लीड पण ३ लाख ४४ हजारांवरून २ लाख ९ हजारांवर आलं. हे ऐकून कुणीही म्हणेल की पाठिंबा घटला. पण प्रत्यक्षात मतं ५ लाख ६० हजारांच्या आसपास होती ती ५ लाख ९० हजारांच्या जवळ गेली, म्हणजे वाढली! यादीतली शंभर माणसं धरा. २०१९ ला त्यातली ४५ आली आणि त्यांच्यातल्या ६३ टक्क्यांनी म्हणजे २८ जणांनी शिंदेंना मत दिलं. २०२४ ला ५० आली, त्यांचे साडेछप्पन टक्के केले तरी पुन्हा २८ च. बदललं काय तर समोरचा. २०१९ ला दुसऱ्या नंबरच्या राष्ट्रवादीला शंभरातले साधारण ११ मिळाले होते, २०२४ ला ठाकरेंच्या सेनेच्या वैशाली दरेकरांना १८ मिळाले.

पण यावरून ते २८ जण तेच होते असं म्हणायचं नाही. मधे सेना फुटली, काही लोक इकडचे तिकडे गेले असणार, नवीन नावं आली, जुनी गेली. बेरीज तीच राहिली म्हणून आतली माणसं तीच राहिली असं होत नाही, आणि टक्केवारी बघून हे कधीच कळणार नाही.

विधानसभेत तर हे अजून स्पष्ट दिसतं. डोंबिवलीत २०१९ ला ४१ टक्क्यांच्या आसपास मतदान होतं, २०२४ ला ते ५६ च्या आसपास गेलं, एवढी मोठी उडी! तिथे भाजपचे रवींद्र चव्हाण २००९ पासून आहेत, त्यांचं लीड ४१ हजारांवरून ७७ हजारांवर गेलं. शेजारच्या कल्याण ग्रामीणमध्ये पण मतदान वाढलं, पण तिथे मनसेचे राजू पाटील, जे २०१९ ला मनसेचे राज्यातले एकमेव आमदार होते, ते हरले. एकच दिवस, शेजारी-शेजारी मतदारसंघ, दोन्हीकडे वाढलेलं मतदान, एकीकडे बसलेला आमदार आणखी घट्ट झाला आणि दुसरीकडे गेला. मग वाढलेल्या मतदानाचा अर्थ काय लावायचा? नुसत्या त्या आकड्यावरून काहीच लावता येत नाही.

आता ५० टक्के म्हणजे अर्धं शहर बेफिकीर, हे जे बोललं जातं त्याबद्दल. टक्केवारी काढताना भागायला यादीतली सगळी नावं घेतात आणि आमच्यासारख्या शहरात यादी कायम मागे असते. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली की माणसं बदलापूर, टिटवाळ्याला भाड्याने जातात आणि नावं जुन्याच पत्त्यावर राहतात. अकरा महिन्यांच्या अ‍ॅग्रीमेंटवर राहणारा दर दोन वर्षांनी घर बदलतो, तो कुठे यादीतला पत्ता बदलायचा फॉर्म ८ भरत बसणार. वारलेल्यांची नावं पण कुणीतरी नाव काढायचा फॉर्म ७ भरेपर्यंत बऱ्याचदा तशीच राहतात. म्हणजे न आलेल्यांमध्ये काही जण असे असतात जे येऊच शकत नव्हते. आळस नाही असं मी म्हणत नाही, आहेच, २०१९ च्या लोकसभा आणि विधानसभा दोन्हीचं आणि २०२४ च्या लोकसभेचं मतदान सोमवारी होतं, शनिवार-रविवार जोडून गावी जाणारे होतेच, म्हणून तर नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेला आयोगाने मुद्दाम बुधवार ठेवला. पण सगळं खापर आळसावर फोडणं चुकीचं आहे, कारण मग यादी साफ करायच्या कामाकडे कुणी बघतच नाही.

कल खरंच बघायचा असेल तर निकालानंतर निवडणूक अधिकाऱ्यांकडून फॉर्म २० येतो तो काढा, त्यात बूथनुसार कुणाला किती मतं ते असतं. आपला बूथ मागच्या वेळच्या शेजारी ठेवा, टक्के नाही, मतांचे आकडे. फक्त बूथची हद्द मधे बदललीय का ते आधी तपासा, नाहीतर दोन वेगळ्या गल्ल्यांची तुलना होऊन बसेल.