मोठ्या लेसरला लय देणारा छोटा किरण

बाहेरून सोडलेल्या अगदी मंद प्रकाशाने बलवान वायू-लेसर काबूत ठेवता येतो. या तंत्राला इंजेक्शन लॉकिंग म्हणतात, आणि त्याचे मूळ रेडिओत आहे. झेनिथ कंपनीतल्या रॉबर्ट ॲडलर यांनी १९४६ मध्ये, म्हणजे पहिल्या लेसरच्या चौदा वर्षे आधी, हे गणित मांडले. बाहेरचा संकेत आंदोलकाच्या, म्हणजे ठरावीक वारंवारतेची कंपने निर्माण करणाऱ्या मंडलाच्या, स्वतःच्या वारंवारतेच्या पुरेसा जवळ असेल, तर आंदोलक आपली लय सोडून त्याची लय धरतो. किती जवळ, हे दोघांच्या शक्तींच्या गुणोत्तराच्या वर्गमुळावर ठरते. सगळी किमया या वर्गमुळात आहे : शक्ती दहा हजारपट कमी असली, तरी पकड शंभरपटच कमी होते.

बेल लॅब्जमधल्या स्टोव्हर आणि स्टायर यांनी १९६६ मध्ये एका हेलियम-निऑन लेसरचा किरण दुसऱ्यात सोडला. तांबड्या प्रकाशाची आंदोलने सेकंदाला पावणेपाच लाख अब्जांच्या घरातली, तरी रेडिओचाच नियम तिथेही लागू पडला.

निकड मात्र भासली ती कार्बन डायऑक्साइड लेसरमुळे. तो १९६४ मध्ये बेल लॅब्जमध्येच घडवला कुमार पटेल यांनी; जन्म बारामतीचा, शिक्षण पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात. कमी दाबाचा हा लेसर एकाच वारंवारतेवर चालवता येई. पुढे १९७० च्या सुमारास कॅनडात वातावरणाच्या दाबावर चालणारा स्पंद-लेसर, म्हणजे प्रकाशाचे क्षणिक झोत सोडणारा लेसर, आला. ताकद प्रचंड, पण दाबामुळे वर्णरेषा, म्हणजे लेसर ज्या वारंवारतांवर चालू शकतो तो पट्टा, काही गिगाहर्ट्‌झ रुंद होते, आणि लेसरच्या दोन आरशांमधल्या मीटरभर लांबीच्या पोकळीत दर १५० मेगाहर्ट्‌झला एक लय बसते. अनेक लयी एकदम उठल्या की स्पंद आतून चढउतारांनी भरून जातो.

उपाय म्हणून छोट्या, अखंड चालणाऱ्या लेसरचा किरण आत सोडू लागले. स्पंद उगवतो तो उत्स्फूर्त उत्सर्जनाच्या, म्हणजे वायूच्या रेणूंनी आपोआप सोडलेल्या प्रकाशाच्या, गोंगाटातून. पाहुणा किरण त्या गोंगाटाहून वरचढ असला की पुरे. त्याच्या सर्वांत जवळची लय आधी वाढते आणि साठलेली ऊर्जा तीच घेऊन जाते. मला वाटते, याला लॉकिंगपेक्षा बीज पेरणे म्हणणेच जास्त नेमके आहे, कारण इथे मोठा लेसर पोकळीच्याच लयीत चालतो. ती कोणती, एवढेच बीज ठरवते.

वाऱ्याचा वेग मोजणाऱ्या डॉप्लर लिडारला, म्हणजे परत आलेल्या लेसर-प्रकाशाची सरकलेली वारंवारता मोजणाऱ्या उपकरणाला, नेमके हेच हवे होते. १०.६ मायक्रोमीटर तरंगलांबीला सेकंदाला एक मीटर वाऱ्याने वारंवारता जेमतेम १९० किलोहर्ट्‌झ सरकते. अनेक लयींच्या गर्दीत ती सापडणार कशी? आज चिपवरच्या रेषा आखणाऱ्या १९३ नॅनोमीटरच्या आर्गॉन फ्लोराइड लेसरांतही हीच युक्ती वापरतात : एका कक्षात वारंवारतेचा पट्टा अरुंद केलेला किरण दुसऱ्या, जोमदार कक्षात सोडतात.