मक्याची धाटे जाळू नका, कुट्टी करून ठेवा

कणसे मोडून झाली की धाटे रानात तशीच उभी राहतात, नाहीतर बांधावर नेऊन पेटवली जातात. ट्रॅक्टरवरचे कुट्टीचे (वैरण बारीक कापायचे) यंत्र घेऊन आम्ही गावोगाव जातो तेव्हा दर ऑक्टोबरला हे दिसते आणि जीव हळहळतो. त्याच गावात पुढे चैत्रात कडब्याच्या पेंडीसाठी वणवण असते.

कणसे निघाली त्याच आठवड्यात धाटे कापा. मक्याच्या वैरणीत जनावराला पचते ते मुख्यतः पान आणि कणसावरचे पापुद्रे. ते वाळून गळाले की हाती नुसती काठी उरते. अख्खी धाटे टाकली असतील तर सकाळी गव्हाण बघा: पाने साफ, दांडे जागेवर. साधारण इंचभर कुट्टी केली की निवडायला वावच राहत नाही.

मात्र ही वैरण पोट भरते, दूध वाढवत नाही. वाळल्या धाटांत प्रथिने 100 किलोमागे जेमतेम 4 ते 5 किलो. भाकड गाय, बैल यांचे कुट्टी, थोडी पेंड आणि खनिज मिश्रणावर भागते. दुभतीला हिरवा चारा आणि सरकी पेंड लागतेच. घरचे तुरीचे, हरभऱ्याचे कुटार असेल तर मिसळा. नवी वैरण एकदम सुरू करू नका, 8-10 दिवसांत वाढवत न्या.

कस वाढवायचा तर युरिया प्रक्रिया करा. 100 किलो वाळल्या कुट्टीला 4 किलो युरिया, 50 ते 60 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून. थर टाका, पाणी शिंपडा, तुडवा, पुन्हा थर; वरून ताडपत्रीने हवाबंद करून 21 दिवस ठेवा. उघडताना डोळ्यांत पाणी आणणारा वास येतो, तो अमोनियाचा. त्या दिवसापुरती कुट्टी काढून पसरा आणि वास उडाल्यावरच घाला. सहा महिन्यांच्या आतल्या वासरांना ती देऊ नका. युरियाचे पाणी बादलीत उरू देऊ नका. जनावर ते प्यायले तर काही तासांत दगावते.

कोवळ्या ज्वारीची किराळ, म्हणजे ती खाऊन जनावराला होणारी विषबाधा, सगळ्यांना ठाऊक आहे. ज्वारी नीट वाळवली की तिचा जोर उतरतो, मक्याचे तसे नाही. पावसाचा ताण बसलेल्या किंवा युरिया जास्त पडलेल्या मक्याच्या बुडख्यात नायट्रेट हा जनावराला बाधणारा क्षार साचतो आणि तो वाळवून जात नाही. असा मका वीतभर वरून कापा, दुसऱ्या चाऱ्यात मिसळून थोडा थोडा द्या. मुरघास केला, म्हणजे हिरवा मका कुट्टी करून हवाबंद मुरवला, तर नायट्रेट बरेच कमी होते. जनावर धापा टाकू लागले, हिरड्या तपकिरी दिसल्या, तर वैरण काढून घ्या आणि लगेच पशुवैद्यकाला बोलवा.

बुरशी धरलेली धाटे खतात घाला. त्या बुरशीचे विष दुधात उतरू शकते, आणि ते दूध घरचे लेकरूही पिते. लष्करी अळीवर उशिरा फवारणी झाली असेल तर औषधाच्या डब्यावरचे थांबायचे दिवस मोजा.

आमची विनंती एवढीच की पेंढ्या सुतळीने किंवा केकताडाने बांधा, तारेने नको. यंत्रातून तारेचा बोटभर तुकडा निघतो, गाय तो घासाबरोबर गिळते आणि तो पोटातून थेट काळजापर्यंत टोचत जातो. यंत्र चालू असताना पदर, ओढणी, मुले लांब ठेवा; अडकलेले धाट हाताने ओढू नका, आमचा माणूस यंत्र बंद करून काढील.

कुट्टीसाठी आम्हाला बोलावताना धाटे ओली आहेत की वाळली आणि दावणीला जनावरे किती, तेवढे कळवा. ओली कुट्टी ढिगात तापते, म्हणून ती एका दिवसाला पुरेल एवढीच करून देतो.