नकाशातली सोंड आणि नाळ

जुन्या इंची टोपोशीटवर, म्हणजे उंचसखलपणा दाखवणाऱ्या सरकारी नकाशावर, सह्याद्रीचा घाटमाथा पहिल्यांदा बघणारा हमखास एका ठिकाणी अडकतो. सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या तपकिरी समोच्च रेषा टोकदार वळलेल्या असतात. एक टोक सोंडेचं (डोंगराची खाली उतरत गेलेली धार), शेजारचं नाळेचं (डोंगरात कोरलेली अरुंद, उभी घळ), आणि दोन्ही दिसायला जुळी. दिसणारच, कारण दोन नाळांमध्ये जे उरतं तीच सोंड. एकच रेषा डोंगरात शिरते, बाहेर येते, पुन्हा शिरते.

निवाडा रेषांवरच्या उंचीच्या आकड्यांवर. टोक चढत्या आकड्यांकडे वळलं तर नाळ, उतरत्या आकड्यांकडे वळलं तर सोंड. नाळेच्या टोकातून बहुधा बारीक काळी रेघही जाते. निळी शोधू नका. सर्व्हे ऑफ इंडियाच्या शीटवर आटणारे ओढे काळे, निळा रंग पाण्याला. माझ्या शीटला मागून कापड लावलंय आणि घडी नेमकी आकड्यांवर आलीये. एकदा सोंडेची वाट म्हणून झोकात पेन्सिल ओढली. भिंग धरलं, तर पेन्सिलीखाली तीच काळी रेघ!

या शीटवर इंचाला एक मैल, म्हणजे 1:63,360, आणि दर 50 फुटांना एक रेषा. (नंतरच्या 1:50,000 शीटवर ती 20 मीटरना.) इथे खरी मेख आहे. दोन रेषांच्या मधे 40 फुटांचा सरळ कातळटप्पा असला, तरी रेषांना त्याचा पत्ता नसतो. बेसॉल्टच्या थरांमुळे नाळेत असे टप्पे नेहमीचेच. लिंगाण्याकडे उतरणाऱ्या बोराट्याच्या नाळेतले धोंडेही कागदावर कुठे दिसतात? सोंडेवर धोंडे कमी, पण घसारा, म्हणजे पायाखालून निसटणारी माती-खडी, आणि दोन्ही बाजूंची खोल दरी बघून वाटणारं दृष्टिभय. तेही शीट सांगत नाही.

चुकण्याच्या जागाही उलट्या. सोंडेने चढताना सहसा चुकत नाही, सगळ्या सोंडा वर एकत्र येतात. उतरताना मात्र फाटे फुटतात. नाळेत उतरताना सगळे ओहोळ एकमेकांना मिळतात, चढताना दर वळणावर प्रश्न: डावीकडे की उजवीकडे? म्हणून नाळेने चढायचं असेल तर तिला मिळणारे ओहोळ मी आदल्या रात्री शीटवर मोजतो आणि चिठ्ठी खिशात ठेवतो: डावा, डावा, उजवा, मग खिंड.