ऐंशीनंतर झडप बदलता येत नाही?

‘ऐंशी उलटली, आता कशाला चिरफाड?’ हृदयातून महाधमनीत रक्त सोडणारी झडप अरुंद झालेल्या आजोबांबद्दल हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. समज जुना, पण चुकीचा. डॉक्टर नुसती जन्मतारीख बघत नाहीत. शरीरात धक्का पचवायची ताकद किती उरली आहे, तेही बघतात.

ती मोजायच्या चाचण्या अगदी साध्या आहेत. पाच मीटर नेहमीच्या चालीने चालायला सहा सेकंद किंवा जास्त लागले, तर चाल मंद. हाताचा आधार न घेता खुर्चीतून पाच वेळा उठायला पंधरा सेकंद लागले किंवा उठताच आलं नाही, तर धोका वाढतो. जोडीला स्मरणशक्ती, हिमोग्लोबिन आणि रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रथिन. नुसतं बघून ‘तब्येत ठणठणीत’ म्हणणं फसवं, कारण जाड माणसाचेही स्नायू झिजलेले असू शकतात.

छाती न उघडता कॅथेटरने, म्हणजे रक्तवाहिनीतून सरकवलेल्या बारीक नळीने, झडप बसवायची पद्धत, म्हणजे टावी, डॉ. अलँ क्रिबिए यांनी फ्रान्समधल्या रूआँ इथे 2002 मध्ये पहिल्यांदा वापरली. तो रुग्ण होता फक्त 57 वर्षांचा, आणि शल्यचिकित्सकांनी त्याला नकार दिला होता!

अशक्तपणा आढळला म्हणजे उपचार नाहीतच, असंही नाही. पद्धत बदलते, आधी प्रथिनं आणि हलका व्यायाम सुरू होतो. काही अतिदुर्बल रुग्णांना मात्र झडप बदलूनही फारसा फायदा होत नाही, आणि तेही घरच्यांना स्पष्ट सांगायला हवं.